परवलीचे चित्र

किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत असे. संगणकाने तीच रीत उचलली. पण शब्द विसरतो. मग तो कागदावर टिपून ठेवावा लागतो आणि कागद भलत्याच्या हाती पडतो! चित्राचे तसे नाही. 1973 साली लायोनेल स्टँडिंग यांनी काही माणसांना एकेकदाच 10,000 चित्रे दाखविली. पुढे चाचणीत विचारलेल्यांपैकी बहुतेक चित्रे त्यांनी ओळखली.

1996 साली अमेरिकेत ग्रेग ब्लाँडर यांना चित्ररूप परवलीचे पेटंट मिळाले. पडद्यावरील चित्रात ठरलेल्या जागांना ठरलेल्या क्रमाने स्पर्श करावयाचा, एवढीच युक्ती. नंतर चेहरे निवडण्याची पद्धत आली आणि येथे माणसाचा स्वभाव आडवा आला. निवड मोकळी सोडली की लोक सुंदर चेहरे आणि आपल्याच वंशाचे चेहरे पसंत करतात, असे 2004 साली डेव्हिस, मनरोझ व रायटर यांनी दाखविले. चोराला एवढा सुगावा पुरे.

मोबाईलवरील नऊ ठिपके तर आपल्या घरोघरी आहेत. अक्षरओळख नसलेली आजीही ती रेघ बिनचूक ओढते. चार अंकी संख्या 10,000, तर या ठिपक्यांच्या आकृत्या 3,89,112! परंतु 2013 सालच्या एका जर्मन अभ्यासात चाळीस टक्क्यांहून अधिक आकृत्या वरच्या डाव्या कोपऱ्यातूनच सुरू झालेल्या आढळल्या. शिवाय काचेवर बोटाचा तेलकट माग राहतो. छायाचित्र घेऊन तो वाचता येतो, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये सिद्ध केले.

पालकहो, आपली आकृती मुलाला ठाऊक आहे काय, हे त्यालाच विचारून पाहा.