भूमिलेखांची साठवण आणि तिच्या वेगाची परीक्षा : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

(१)

वाशीम येथे १९३९ साली उजेडात आलेला वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्ती याचा ताम्रपट विदर्भाच्या इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून राजाच्या ३७ व्या राज्यवर्षी दिलेले हे शासन होय. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात असून व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी प्रभृतींच्या संशोधनामुळे या लेखाचे राजकीय महत्त्व सर्वमान्य झाले. तथापि स्वरूपाने तो एक भूमिलेख आहे, ही गोष्ट सहसा दृष्टीआड होते. अमुक गाव अमुक ब्राह्मणांस दिले, याची नोंद कायम राहावी व विवाद उपस्थित झाल्यास ती दाखविता यावी, एवढ्यासाठी ती तांब्यावर कोरली गेली.

भूमिलेखाच्या साठवणीकडून नेहमीच दोन अपेक्षा केल्या जातात. लेख टिकला पाहिजे, ही पहिली. आणि हवा तेव्हा तो हाती आला पाहिजे, ही दुसरी. ताम्रपटाने पहिली अपेक्षा सुमारे सोळाशे वर्षे पुरी केली. दुसरीचा प्रश्न त्या काळी फारसा बिकट नव्हता, कारण शासन ज्याचे त्याच्या घरी असे आणि ते मागणारेही थोडे असत. हजारो खातेदार एकाच आठवड्यात आपापला उतारा मागू लागले, म्हणजे मात्र ही दुसरी अपेक्षाच मुख्य ठरते. साठवणीचा वेग मोजण्याची साधने कशी निर्माण झाली, ती कंटेनरमध्ये बांधून उभारण्याची पद्धत का पडली, आणि त्यांनी दिलेला आकडा अभ्यासकाने कोणत्या कसोटीवर घासून घ्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

(२)

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला व १८६१ पासून तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व आकारणी सुरू झाली. त्या काळी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडण्यात आला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे गेले आणि पुसद तालुका यवतमाळकडे गेला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आला आणि राज्यभर एकच संहिता लागू झाली. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा काढून वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. एका शतकाच्या आत जिल्ह्याच्या अभिलेखांचा धनी याप्रमाणे दोनदा बदलला.

महाराष्ट्रातील जुन्या दप्तरांत कागद रुमालात बांधून ठेवण्याची रीत होती. रुमालाचा गुण असा की तो उचलून दुसऱ्या कचेरीत नेता येई व आतील कागदांचा क्रम मोडत नसे. त्याचा दोषही उघड होता. कोणता कागद कोणत्या रुमालात आहे हे जाणणारा कारकून नसेल तर शोधास दिवस लागत, आणि एक रुमाल एका वेळी एकाच माणसापुढे सोडता येई.

हा दोष संगणकाने दूर होईल अशी अपेक्षा होती. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झाली; त्यांत महाराष्ट्रातून विदर्भातीलच वर्धा जिल्हा निवडला गेला होता. २००८ साली राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. केंद्र शासनाने 'मेघराज' या नावाने राष्ट्रीय क्लाउडची उभारणी २०१४ साली जाहीर केली. महाराष्ट्र शासनाने आपले सार्वजनिक क्लाउडविषयक धोरण २०१८ च्या प्रारंभी घोषित केले, आणि त्याच वर्षी १ मे रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जनतेस उपलब्ध झाला. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून पिकांची नोंदही शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली.

याचा परिणाम असा झाला की साठवण एकीकडे व मागणारा दुसरीकडे, अशी स्थिती उत्पन्न झाली. खरिपाच्या तोंडाशी पीककर्जासाठी व पुढे पीकविम्यासाठी सोयाबीन-तुरीचा शेतकरी उतारा मागतो, तेव्हा राज्यातील इतर जिल्ह्यांतील शेतकरीही तोच मागत असतात. रुमाल सोडण्याचा खोळंबा संपला; त्याच्या जागी पडद्यावर फिरणाऱ्या चक्राचा खोळंबा आला. 'सर्व्हर डाउन' हे दोन शब्द गावोगावच्या सेवा केंद्रांत रूढ झाले आहेत. त्यांच्या मुळाशी साठवणीची मंदता आहे, जाळ्याची आहे की कार्यप्रणालीची, हे मोजल्यावाचून सांगता येत नाही.

(३)

संगणकाच्या साठवणीचा वेग मोजण्याच्या शास्त्राचा आरंभ सामान्यतः १९८५ पासून धरण्यास हरकत नाही. त्या वर्षी १ एप्रिल रोजी 'डेटामेशन' या अमेरिकन नियतकालिकात जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध निनावी प्रसिद्ध झाला. बँकेतील जमा-नावे व्यवहार हा नमुना धरून त्यांनी एक अट घातली होती : शंभरांपैकी पंचाण्णव व्यवहार एका सेकंदाच्या आत पुरे झाले, तरच यंत्राचा वेग ग्राह्य मानावा. १९८८ मध्ये अशा परीक्षांचे नियमन करणारी परिषद स्थापन झाली.

त्या अटीचे मर्म उदाहरणाने स्पष्ट होईल. शंभर उताऱ्यांपैकी पंचाण्णव प्रत्येकी ०.१ सेकंदात व पाच प्रत्येकी २० सेकंदांत निघाले असे समजू. सरासरी सुमारे १.१ सेकंद येते व ती समाधानकारक दिसते. वस्तुतः १.१ सेकंदाचा अनुभव एकालाही आलेला नसतो. पाच जण मात्र ताटकळलेले असतात. सरासरी हा आकडा प्रशासनास सोयीचा खरा, पण रांगेतील शेवटच्या माणसाची हकीकत तो लपवितो.

पुढील साधने डिस्कच्या वेगाकडे वळली. वॉटर्लू विद्यापीठात ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या संगणकीकरणात १९८० च्या दशकाअखेरीस काम केलेल्या टिम ब्रे यांनी १९९० च्या सुमारास 'बॉनी' हे साधन लिहिले. वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला त्याच १९९८ साली इंटेल कंपनीने 'आयओमीटर' प्रसिद्ध केले. २००५ च्या सुमारास लिनक्सच्या डिस्कविषयक भागाचे काम पाहणारे येन्स ॲक्सबो यांनी 'एफआयओ' रचले. वाचन किती, लेखन किती, एका वेळी किती मागण्या, प्रत्येक तुकडा केवढा, हे सारे परीक्षकाने ठरवावे व साधनाने तेवढाच भार निर्माण करावा, अशी त्याची योजना आहे.

ॲमेझॉनने २००६ मध्ये 'एस-थ्री' सेवा सुरू केल्यावर साठवणीचे स्वरूपच पालटले. डिस्कवरील फाइलऐवजी जाळ्यावरून मागावयाची वस्तू, अशी नवी कल्पना रूढ झाली. या वस्तुसाठवणीची परीक्षा घेण्यासाठी इंटेलनेच २०१२ च्या सुमारास 'कॉसबेंच' हे साधन खुले केले. भूमिअभिलेखांच्या दृष्टीने दोन्ही प्रकार महत्त्वाचे आहेत. सातबाऱ्याच्या नोंदी कोष्टकांच्या रूपाने डिस्कवरील डेटाबेसमध्ये असतात. त्या साठवणीस 'एफआयओ'सारखे साधन लागते. जुन्या अभिलेखांची छायाचित्रे वस्तुसाठवणीत ठेवली, तर तेथे 'कॉसबेंच' उपयोगी पडते.

(४)

ही साधने कंटेनरमध्ये का घातली गेली, हे समजण्यासाठी कंटेनरचा इतिहास पाहणे इष्ट आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. मालाची पेटी एकाच मापाची असली की ती उचलणाऱ्यास आत काय आहे याची चौकशी करावी लागत नाही, हे त्या प्रवासाने सिद्ध केले. वऱ्हाडच्या वाचकास हे तत्त्व कापसाच्या दाबलेल्या गाठीवरून सहज उमजेल. कारंज्याहून निघालेली गाठ मुंबईपर्यंत गाठ म्हणूनच जात असे.

संगणकात हीच कल्पना टप्प्याटप्प्याने आली. १९७९ मध्ये युनिक्समध्ये एखाद्या कार्यक्रमास फाइलींचा ठराविक भागच दिसावा अशी सोय झाली. २००० मध्ये फ्रीबीएसडीने तीस 'जेल' या नावाने अधिक भक्कम रूप दिले. गूगलमधील पॉल मेनाज व रोहित सेठ यांनी २००६ मध्ये आरंभिलेली, स्मृती व प्रक्रियाशक्ती यांच्या वाट्यावर मर्यादा घालणारी योजना २००८ मध्ये लिनक्समध्ये समाविष्ट झाली. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी 'डॉकर' लोकांपुढे मांडले, आणि पुढील वर्षी आलेल्या 'कुबरनेटीस'ने असे शेकडो कंटेनर अनेक यंत्रांवर चालविण्याची व्यवस्था केली.

कंटेनरमध्ये साधनाबरोबर त्यास लागणारी सारी उपसाधने बांधलेली असतात. यापूर्वी 'कॉसबेंच' उभारावयाचे म्हणजे प्रत्येक यंत्रावर जावाची योग्य आवृत्ती शोधून बसवावी लागे, आणि दोन यंत्रांवर दोन आवृत्त्या असल्या की निष्कर्षांत फरक पडण्याची भीती असे. तयार प्रतिमा एकदा बांधली की तीच मुंबईत व तीच वाशीमात चालते. सोय हा याचा लहान लाभ होय. एकाने घेतलेली परीक्षा दुसऱ्यास जशीच्या तशी पुन्हा घेता यावी, हा मोठा लाभ होय.

(५)

उभारणीची रीत अवघड नाही. तिच्यातील चकवे मात्र ध्यानात ठेवावे लागतात. 'कॉसबेंच'चे दोन भाग असतात. नियंत्रक काम वाटून देतो व आकडे गोळा करतो. चालक प्रत्यक्ष भार निर्माण करतात. नेहमीच्या मांडणीत नियंत्रक १९०८८ व चालक १८०८८ या पोर्टवर ऐकतो. कंटेनर सुरू करताना ही दारे बाहेर उघडी ठेवावी लागतात आणि नियंत्रकास चालकांचे पत्ते कळवावे लागतात. कार्याची आखणी एक्सएमएल फाइलीत लिहिलेली असते. जागा निर्माण करणे, नमुन्याच्या वस्तू भरणे, मुख्य मापन, वस्तू काढणे व जागा मोडणे, असे तिचे पाच टप्पे आहेत. 'स्विफ्ट' या वस्तुसाठवणीत वस्तू ठेवण्याच्या जागेसही कंटेनरच म्हणतात. नवख्याचा येथे घोटाळा होतो.

चकवे मुख्यतः चार. पहिला स्मृतीचा. नुकतेच वाचलेले पान यंत्र आपल्या स्मृतीत ठेवते व पुन्हा मागितल्यास डिस्ककडे न जाता तेथूनच देते. नमुन्याचा साठा स्मृतीहून लहान असला, तर परीक्षा स्मृतीची होते आणि श्रेय डिस्कला जाते. म्हणून साठा मोठा घ्यावा, किंवा 'एफआयओ'त स्मृती टाळून थेट वाचन-लेखनाची सूचना द्यावी. दुसरा चकवा कंटेनरच्याच रचनेचा. प्रतिमा थरांची बनलेली असून तिच्यावर लेखनासाठी एक तात्पुरता थर असतो. परीक्षेची फाइल त्या थरात पडली, तर मोजमाप त्या थराचे होते. ज्या साठवणीची परीक्षा घ्यावयाची ती बाहेरून स्वतंत्र खंड म्हणून जोडली पाहिजे. अन्यथा कंटेनर काढून टाकताच निष्कर्षांच्या नोंदीही नाहीशा होतात. तिसरा चकवा मर्यादेचा. कंटेनरला प्रक्रियाशक्ती थोडी नेमून दिली असेल, तर आधी दमते ते परीक्षक साधन, आणि दोष साठवणीच्या माथी येतो. चौथा जागेचा. चालक साठवणीच्याच यंत्रावर बसविला तर जाळ्याचा विलंब मोजलाच जात नाही. तालुक्याच्या गावातून मागणी करणाऱ्यास तर तोच विलंब प्रथम भोगावा लागतो.

(६)

या चारही चकव्यांत एक समान सूत्र आहे. प्रत्येक ठिकाणी साधन खोटे बोलत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे ते बरोबर उत्तर देते. प्रश्नच भलता विचारलेला असतो. यास्तव मापनाचा आकडा हाही एक दस्तऐवजच समजून त्यास इतिहाससंशोधनातील बहिरंग व अंतरंग परीक्षणाचे नियम लावले पाहिजेत. आकडा कोणी, केव्हा, कोणत्या प्रतिमेच्या कोणत्या आवृत्तीने, कोणत्या जागेवरून काढला, हे बहिरंग परीक्षण होय. भार कोणत्या नमुन्याचा होता, साठा किती मोठा होता, आणि आकडा सरासरीचा की शेवटच्या पाचांचा, हे अंतरंग परीक्षण होय. एखाद्या सुस्त दुपारी, मोजक्या मागण्यांवर घेतलेल्या परीक्षेवरून जूनच्या गर्दीविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे उन्हाळ्यातील नदी पाहून पुलाची उंची ठरविण्यासारखे आहे.

कंटेनरमुळे या परीक्षणापैकी साधनाच्या आवृत्तीपुरते काम सुकर झाले. प्रतिमेस तिच्या आशयावरून काढलेली एक खूण असते व आत एक अक्षर बदलले तरी ती खूण बदलते. बाकीच्या गोष्टी कोणतेही साधन आपण होऊन नोंदवीत नाही. त्या परीक्षकासच लिहून ठेवाव्या लागतात.

द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटात शासन कोठून दिले, कोणत्या वर्षी दिले, कोणास दिले आणि ते कोणी लिहिले, हे सर्व नमूद आहे. एवढ्याचमुळे तो आज पुरावा म्हणून उभा राहतो. भूमिलेखांच्या नव्या साठवणीची परीक्षा घेणाऱ्यांनी आपल्या निष्कर्षावर स्थळ, काळ, साधन व कर्ता यांची अशीच नोंद केली, तर मंगरूळपीरच्या सेवा केंद्रात ताटकळलेल्या खातेदारास त्याच्या खोळंब्याचे खरे कारण सांगता येईल. आणि ते दूर झाले किंवा नाही, हे दुसऱ्या वर्षी तीच परीक्षा घेऊन पडताळताही येईल.