शिकाऊ उमेदवारांनी बांधलेली विमाने

१/१४
विमानांच्या इतिहासात वैमानिकांची नावे ठळक अक्षरांत येतात, संशोधकांची त्याखाली. ज्यांनी कानस हातात धरून ही विमाने घडवली, ते शिकाऊ उमेदवार मात्र बहुधा अनामिकच राहतात. याला एक अपवाद आहे. इंग्लंडमधील एका कारखान्यात अशा उमेदवारांनी स्वतःच विमाने आखली, बांधली आणि शर्यतीत उतरवली. #इतिहास

२/१४
जेफ्री डी हॅव्हिलंड यांनी १९२० साली आपली विमान कंपनी स्थापन केली. लंडनच्या उत्तरेला, एजवेअरजवळील स्टॅग लेन येथे तिचा कारखाना होता. १९२५ साली तेथून ‘मॉथ’ हे हलके, दोन आसनी विमान बाहेर पडले आणि खासगी उड्डाण प्रथमच मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ आले. मागणी वाढली, तशी कुशल हातांची टंचाई जाणवू लागली.

३/१४
याच कारखान्यातील ‘पुस मॉथ’ विमानाशी आपलाही संबंध आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू येथे उतरले, ते याच विमानातून. टाटांच्या हवाई टपालसेवेचा तो आरंभबिंदू.

४/१४
कुशल माणसे बाहेरून आणण्यापेक्षा ती घरातच घडवावीत, या विचाराने कंपनीने १९२८ साली ‘एरोनॉटिकल टेक्निकल स्कूल’ सुरू केले. वर्गातील गणित व वायुगतिकी आणि कारखान्यातील प्रत्यक्ष काम यांची सांगड हे त्याचे सूत्र होते. पुढे कारखाना हॅटफिल्डला हलला आणि शाळाही त्याच्याबरोबर गेली.

५/१४
उमेदवारी म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. त्या काळच्या ब्रिटिश अभियांत्रिकीत मुलगा साधारणपणे सोळाव्या वर्षी कारखान्यात येई. पहिला धडा बहुधा कानशीचा असे : लोखंडाचा ओबडधोबड तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि काटकोनात, सपाट घासायचा. उजेडासमोर धरलेल्या गुण्याखालून प्रकाशाची फट दिसली, तर पुन्हा पहिल्यापासून.

६/१४
हा छळ नव्हता. विमानाच्या सांगाड्यात जादा वजन चालत नाही, म्हणून प्रत्येक भाग गरजेपुरताच जाड ठेवलेला असतो. अशा भागावर राहिलेला खोल ओरखडा किंवा वेडेवाकडे पडलेले भोक पुढे भेगेचे मूळ ठरू शकते. चूक हाताला जाणवली पाहिजे, एवढ्यासाठी ती कानस होती.

७/१४
डी हॅव्हिलंडची शाळा येथेच थांबली नाही. विद्यार्थ्यांनी संपूर्ण विमान स्वतः रेखाटावे आणि बांधावे, अशी मुभा तिने दिली. या विमानांना ‘टी.के.’ हे नाव मिळाले. पहिले, टी.के.१, हे दोन आसनी द्विपंखी विमान १९३४ साली उडाले. त्यापाठोपाठ १९३५ साली टी.के.२ हे शर्यतीचे एकपंखी विमान आले. टी.के.३ कागदावरच राहिले.

८/१४
टी.के.४ हे सर्वांत धाडसी होते. पंखांचा विस्तार जेमतेम ६ मीटर, चाके आत ओढून घेण्याची सोय, एकच आसन आणि ध्येय एकच : वेग. ३० जुलै १९३७ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. १ ऑक्टोबर १९३७ रोजी वेगाच्या विक्रमाची तयारी सुरू असताना ते कोसळले. कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक रॉबर्ट वेट त्यात मृत्युमुखी पडले.

९/१४
येथे क्षणभर थांबावे. ज्यांनी त्या विमानाच्या रेषा आखल्या, ते विद्यार्थी होते. त्यावर विसंबून आकाशात गेलेला माणूस परतला नाही. पुस्तकातील उदाहरण चुकले तर गुण जातात, विमान चुकले तर माणूस जातो. अभियंत्याच्या व्यवसायातील हे सत्य त्यांच्यासमोर फार लवकर आले. तरीही शाळेने मुभा काढून घेतली नाही.

१०/१४
पुढचे टी.के.५ उलट्या रचनेचे होते : लहान आडवे पंख पुढे, मोठे पंख मागे. ते धावपट्टीवर धावले, पण जमीन सोडीना. १९३९ साली तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. अपयश हाही प्रशिक्षणाचाच भाग मानला गेला.

११/१४
मग युद्ध आले. ३ ऑक्टोबर १९४० रोजी एका जर्मन युंकर्स ८८ विमानाने अगदी खालून येत हॅटफिल्डवर बॉम्ब टाकले. शाळेची इमारत आणि लगतचे ‘९४ क्रमांकाचे शॉप’ उद्ध्वस्त झाले. २१ जण ठार, सुमारे ७० जखमी. नव्या ‘मॉस्किटो’ विमानासाठी साठवलेल्या साहित्याचा मोठा भाग जळून गेला.

१२/१४
तरीही अवघ्या सात-आठ आठवड्यांत, २५ नोव्हेंबर १९४० रोजी, मॉस्किटोचा पहिला नमुना उडाला; तो दुसरीकडे, सॅलिसबरी हॉल येथे बांधला जात असल्यामुळे बचावला होता. हे विमान लाकडाचे होते : बर्चच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड, साच्यावर डिंकाने चिकटवलेले. त्यामुळे फर्निचर बनवणारे कारागीरही विमानबांधणीत आले. एकूण ७,७०० हून अधिक मॉस्किटो बनले.

१३/१४
१९३५ साली शाळेत दाखल झालेला एक विद्यार्थी पुढे रात्रीच्या हवाई युद्धातील नामांकित वैमानिक झाला : जॉन कनिंगहॅम. २७ जुलै १९४९ रोजी जगातील पहिले जेट प्रवासी विमान ‘कॉमेट’ त्यानेच प्रथम उडवले. १९५४ साली मात्र दोन कॉमेट आकाशातच फुटली आणि ५६ जणांचा बळी गेला. फार्नबरो येथे पाण्याच्या टाकीत विमानाच्या धडावर दाब देण्याचे आणि काढण्याचे चक्र पुनःपुन्हा चालवण्यात आले, तेव्हा कारण उघड झाले : धातूचा थकवा. भेगा झरोक्यांच्या कोपऱ्यांजवळच्या छिद्रांपाशी सुरू होत होत्या.

१४/१४
हा दोष कोणा उमेदवाराच्या हाताचा नव्हता. कोपऱ्यांवर प्रत्यक्षात येणारा ताण आराखड्यातील अंदाजापेक्षा बराच जास्त होता. पण सारी तपासणी अखेर एका छिद्राच्या कडेपाशी येऊन थांबली, आणि छिद्राची कड नीट पाहणे हाच उमेदवारीतील आरंभीचा धडा होता. आजही विमान कारखान्यात शिकाऊ उमेदवार भोक पाडल्यावर त्याची कड साफ करतो, तपासतो आणि मगच रिव्हेट बसवतो. त्या छोट्या कृतीमागे एवढा मोठा इतिहास उभा आहे. #विमानविद्या #मराठी