ओसाड टेकडीचे दोन सभासद

इंग्लंडच्या दक्षिण भागांत विल्टशायर परगण्यांत सॅलिस्बरी नांवाचें एक जुनें शहर आहे. त्याच्या उत्तरेस दोनएक मैलांवर एक टेकडी लागते. तिच्याभोंवतीं मातीचे प्रचंड तट आहेत, खोल खंदक आहेत. आंत गवत आणि पडक्या भिंतींचे पाये. या टेकडीचें नांव ओल्ड सेरम. तेथें आज कोणी राहत नाहीं, आणि दोनशें वर्षांपूर्वींहि कोणी राहत नव्हतें. तरीसुद्धां १८३२ सालापर्यंत ही टेकडी ब्रिटिश पार्लमेंटांत दोन सभासद पाठवीत असे. आणि लाखावर वस्तीच्या मँचेस्टर शहरास स्वतःचा असा एकहि सभासद नव्हता! या टेकडीचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे. त्यांत आपल्या देशाच्या पैशाचाहि हात आहे. तो कसा, तें ओघानें येईलच.

एके काळीं तेथें खरोखरीचें गांव होतें. नॉर्मन राजांनीं तटाच्या आंत किल्ला बांधला, धर्माध्यक्षांनीं मोठें चर्च उभारलें. परंतु उंचावर वारा फार, पाण्याचा तुटवडा, आणि किल्ल्यांतील शिपाई व चर्चमधील पाद्री यांचें तर मुळींच पटेना. अखेर खालच्या सपाटीवर १२२० सालीं नव्या चर्चचा पाया घालण्यांत आला आणि धर्माध्यक्षांच्या पाठोपाठ गांवकरीहि खालीं उतरले. आजचें सॅलिस्बरी तें हेंच. १२९५ सालीं पहिल्या एडवर्डनें पार्लमेंट बोलाविलें, तेव्हां वरच्या गांवासहि आज्ञापत्र गेलें. पुढें चौदाव्या शतकापासून तर तें नियमानें जाऊं लागलें. खालच्या शहराचे दोन सभासद निराळे होतेच. गांव उठून गेलें, पण यादींतील नांव कायम राहिलें. रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स १६६८ सालीं रात्रीच्या वेळीं तेथें गेला, तेव्हां त्या भकास तटांत त्यास भयच वाटलें.

मग मत देई कोण, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. ओल्ड सेरममध्यें मताचा हक्क माणसास नसून जमिनीच्या ठराविक तुकड्यांस होता. आपल्याकडील वतनासारखाच हा प्रकार समजा. ज्याच्या नांवें तुकडा, त्याचें मत. अशा बरोंतील सारे तुकडे बहुधा एकाच मालकाच्या मुठींत असत; निवडणूक आली, कीं तो आपल्या विश्वासांतील माणसांच्या नांवें ते तेवढ्यापुरते करून देई आणि काम झालें, कीं परत घेई. ओल्ड सेरमच्या पायथ्याशीं एक एल्म वृक्ष होता. त्याच्याखालीं तंबू ठोकावयाचा, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतदारांनीं जमावयाचें, मालकानें सांगितलेलीं दोन नांवें उच्चारावयाचीं, कीं झाली निवडणूक. पुढें लोक त्या झाडास ‘पार्लमेंटचें झाड’ म्हणूं लागले, यांत थट्टा किती आणि आदर किती, हें आपणच ठरवावें.

१६९१ सालच्या सुमारास ही टेकडी सॅलिस्बरीच्या अर्लकडून टॉमस पिट याच्या हातीं आली. हा गृहस्थ हिंदुस्थानच्या व्यापारांत पैसा मिळवून आलेला. तोहि ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता धाब्यावर बसवून! कंपनीनें त्याच्यावर खटले भरले, आणि तो हटत नाहीं असें दिसतांच १६९८ सालीं त्यालाच मद्रासचा गव्हर्नर नेमलें. तेथें त्यानें जामचंद नांवाच्या व्यापाऱ्याकडून गोवळकोंड्याच्या मुलुखांत सांपडलेला एक विलक्षण हिरा ४८,००० होनांस विकत घेतला; पौंडांत ही किंमत वीस हजारांच्या आसपास होते. १७१७ सालीं फ्रान्सच्या राजप्रतिनिधीस तो १,३५,००० पौंडांस विकला. ‘रीजंट’ या नांवानें तो हिरा आज पॅरिसमधील लूव्र संग्रहालयांत आहे.

या हिरेवाल्या पिटचा नातू विल्यम पिट १७३५ सालीं वयाच्या सव्विसाव्या वर्षीं याच टेकडीचा सभासद म्हणून पार्लमेंटांत शिरला. पुढें तो इंग्लंडचा कर्ता पुरुष झाला. गंमत अशी, कीं १७६६ सालीं अमेरिकेवरील कराच्या वादांत याच पिटनें असल्या बरोंना राज्यघटनेचा कुजका भाग म्हटलें, आणि तो फार काळ टिकणार नाहीं असें भाकीतहि केलें. त्याचा मुलगा धाकटा पिट पंतप्रधान झाला, तेव्हां १७८५ सालीं त्यानें असे छत्तीस बरो भरपाई देऊन बंद करण्याची योजना मांडली. त्यासाठीं दहा लक्ष पौंड लागणार होते. सभेनें ती १७४ विरुद्ध २४८ मतांनीं फेंटाळली. मत ही लोकांची ठेव नसून मालकाची मालमत्ता आहे, ही समजूत किती खोल रुजली होती तें पाहा: सुधारणा करणाराहि आधीं किंमत विचारी.

जॉन हॉर्न टूक हा सुधारणावादी लेखक पार्लमेंटच्या शुद्धीसाठीं आयुष्यभर झगडला. तो १८०१ सालीं सभासद झाला तो कोठून? ओल्ड सेरममधून, मालकाच्या कृपेनें. तो मूळचा पाद्री असल्यामुळें पाद्र्यांस कॉमन्समध्यें बसतां येणार नाहीं, असा कायदाच सरकारनें त्याच वर्षीं केला. टेकडीच्या हक्काविषयीं मात्र कोणी चकार शब्द काढला नाहीं.

लगेच १८०२ सालीं पिट घराण्यानें ती टेकडी अर्ल ऑफ कॅलेडन यास साठ हजार पौंडांस विकली. जमिनीचें उत्पन्न म्हणाल, तर वर्षाकांठीं फार तर सातशें पौंड! बाकीची किंमत दोन खुर्च्यांची. कॅलेडन घराण्याची संपत्तीहि हिंदुस्थानांत मिळविलेली. १८३१ च्या शेवटच्या निवडणुकींत मतदार अकरा. निवडून आलेले दोघेहि अलेक्झांडर, मालकाच्याच कुळांतले आणि कंपनीच्या नोकरींत हिंदुस्थानांत दिवस काढलेले.

दरम्यान १८१९ च्या ऑगस्टांत मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर सुमारें साठ हजार माणसें प्रतिनिधित्वाच्या मागणीसाठीं जमलीं होतीं. त्यांच्यावर घोडेस्वार घालण्यांत आले. पंधरांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं, शेंकडों जखमी झालीं. तेथून पुढें बारा-तेरा वर्षें वाद धुमसत राहिला. १ मार्च १८३१ रोजीं लॉर्ड जॉन रसेल यानें सुधारणेचें बिल मांडतांना, एखाद्या परदेशी पाहुण्यास हिरव्या उंचवट्यापुढें उभें करून ‘हा दोन सभासद पाठवितो’ असें सांगितलें तर त्यास काय वाटेल, असा सवाल केला. दुसऱ्या वाचनाच्या वेळीं बिल ३०१ विरुद्ध ३०२, म्हणजे केवळ एका मतानें तरलें. ऑक्टोबरांत लॉर्डांच्या सभेनें बिल फेंटाळलें आणि ब्रिस्टल शहरांत जाळपोळ झाली. अखेर ७ जून १८३२ रोजीं कायदा झाला. छप्पन्न बरोंचे सर्व सभासद गेले; त्यांत ओल्ड सेरम होतेंच. मँचेस्टरास दोन सभासद मिळाले. आयर्लंडचें पार्लमेंट १८०० सालीं मोडलें, तेव्हां बंद झालेल्या प्रत्येक बरोमागें १५,००० पौंड भरपाई मिळाली होती. या वेळीं मालकांस एक पैहि मिळाली नाहीं.

जाण्यापूर्वीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. हिंदुस्थानांतील पैसा असा शतकभर पार्लमेंटांत बसत आला, पण हिंदी माणसास मात्र त्या दारांत थांबावें लागलें. टॉमस पिटला टेकडी विकणाऱ्या सॅलिस्बरी घराण्याचाच वंशज १८८८ सालीं इंग्लंडचा पंतप्रधान होता. दादाभाई नवरोजींचा होलबर्नमध्यें झालेला पराभव मनांत ठेवून तो एडिंबरोच्या सभेंत म्हणाला, कीं ब्रिटिश मतदार काळ्या माणसास निवडून देतील असें आपणांस वाटत नाहीं. चार वर्षांनीं, १८९२ सालीं, लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघांत मतपेट्या उघडल्या. तेथें अकरांऐवजीं हजारों मतदार होते, आणि त्यांतील एकहि मत कोणाच्या खतपत्रांत लिहिलेलें नव्हतें. मतें मोजतां मोजतां रात्र झाली. दादाभाई निवडून आले, आणि त्यांचें आधिक्य पांच मतांहून जास्त नव्हतें.