टॉर्म: आज्ञाधारकांचा देव आणि एक व्हर्जन अपग्रेड

देव मरण्याची कारणं जगभरच्या पुराणांत नाना प्रकारची सापडतात. शाप, युद्ध, भावाचं कपट वगैरे. पण 'नवीन व्हर्जन रिलीज करायचं होतं' हे कारण बहुधा एकाच पुराणात सापडेल. आजचा लेख त्या पुराणातल्या टॉर्म नावाच्या देवावर.

ज्यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'शी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली काढलेला हा कागद, पेन्सिल अन् फाशांचा खेळ. 'फॉरगॉटन रेल्म्स' हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं काल्पनिक जग. ते रचलं एड ग्रीनवुड या कॅनडातल्या ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या माणसानं, आणि टीएसआर कंपनीनं ते १९८७ साली खेळाच्या संचाच्या रूपात बाजारात आणलं. या जगातला टॉर्म हा कर्तव्य, निष्ठा आणि आज्ञापालन यांचा देव. पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धे, त्याचे लाडके भक्त. उंचावलेला उजव्या हाताचा लोखंडी पंजा हे त्याचं चिन्ह. तो ज्याची चाकरी करतो तो न्यायदेव टिअर. हा थेट नॉर्स पुराणातून उचललेला, आणि तिथल्यासारखाच इथेही उजवा हात गमावून बसलेला. धन्याला उजवा हात नाही आणि सेवकाचं चिन्ह उजवा पंजा! हे जुळवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

आता गंमत अशी की निष्ठा हा गुण तसा निर्गुण आहे. कुणाशी निष्ठा, यावर सगळं अवलंबून. आपल्याला हे सांगायला नको. द्यूतसभेत मान खाली घालून बसलेले भीष्म आपण लहानपणापासून ऐकत आलोय. रेल्म्समध्ये जुलूमशाहीचा देव बेन आहे, त्यालाही आज्ञाधारक भक्तच लागतात. मग टॉर्म नि बेन यांच्यात फरक काय? या प्रश्नाचं उत्तर पुराणकर्त्यांना द्यावं लागलं, आणि तेही बाजाराच्या रेट्यामुळे.

झालं असं की १९८९ साली खेळाची दुसरी आवृत्ती आली. जादूचे नियम बदलले, मारेकऱ्यांचा वर्ग तर नियमपुस्तकातून सरळ काढूनच टाकला. आपल्यासारख्यांनी रिलीज नोट्समध्ये 'डेप्रिकेटेड' लिहून विषय संपवला असता. टीएसआरनं कादंबऱ्या काढल्या! 'शॅडोडेल', 'टॅन्ट्रास' आणि 'वॉटरडीप' अशी तीन पुस्तकं, रिचर्ड ऑलिन्सन या टोपणनावाखाली स्कॉट सिएन्सिन आणि ट्रॉय डेनिंग यांनी लिहिलेली. कथा अशी: बेन आणि मृत्युदेव मर्कुल नियतीच्या पाट्या चोरतात. देवांचाही वरचा देव आओ संतापतो आणि सगळ्या देवांना मर्त्य देहात पृथ्वीवर ढकलून देतो. सगळ्यांना, फक्त हेल्म सोडून. हेल्म हा पहारेकऱ्यांचा देव. पाट्या परत मिळेपर्यंत कुणालाही स्वर्गाचा जिना चढू द्यायचा नाही, ही त्याची ड्यूटी.

या हेल्मपाशी जरा थांबू. जादूची देवी मिस्ट्रा जिना चढायला आली. चोर कोण हे तिला ठाऊक होतं आणि ते तिला आओला सांगायचं होतं. पण पाट्या तिच्या हातात नव्हत्या. हेल्मनं अडवलं, ती थांबली नाही, त्यानं तिला ठार केलं. नियमाप्रमाणे शंभर टक्के बरोबर. पण त्यानंतर हेल्मचं नाव लोकांच्या मनातून उतरलं ते उतरलंच. (प्रोसेस पाळली म्हणून सिस्टीम कोसळली, अशा मीटिंगा आपण सगळ्यांनी पाहिल्यात.)

टॉर्म तेव्हा टॅन्ट्रास या बंदराच्या गावी होता. तिथल्या त्याच्याच पुजाऱ्यांनी इतर देवांच्या भक्तांचा छळ मांडला होता. देव प्रत्यक्ष घरी आलाय म्हटल्यावर दुसरं काय होणार! मग बेन चालून आला. लढण्याइतकं बळ यावं म्हणून त्यानं जगभरच्या मारेकऱ्यांचे प्राण ओढून घेतले, त्यांना न विचारता. (नियमपुस्तकातला तो वर्ग गेला तो असा.) टॉर्मलाही बळ लागलं, तेही भक्तांच्या प्राणांचंच. पण त्याच्या भक्तांनी ते स्वतःहून दिले. दोन्ही देव अक्राळविक्राळ झाले, एकमेकांना भिडले आणि दोघेही मेले. मिडनाइट या जादूगारणीनं एक मंतरलेली घंटा वाजवली म्हणून गाव वाचलं, पण तिथला एक पट्टा असा झाला की त्यात जादू चालेचना.

पुढे आओनं टॉर्मला परत जिवंत केलं, कारण तो स्वतःचं काम करताना मेला होता. बेनला ती सवलत मिळाली नाही.

इथे गोड शेवट करता आला असता. १९९६ सालच्या 'फेथ्स अँड अव्हाटार्स' या पुस्तकानं तसं केलं नाही, आणि म्हणून ते मला आवडतं. परत आलेला टॉर्म आपल्या पुजाऱ्यांची पाठ थोपटत नाही, त्यांना प्रायश्चित्त देतो. तीन ऋणं फेडायची. ज्या चांगल्या पंथांना छळलं त्यांना पुन्हा उभं राहायला मदत करायची. कर्तव्यात कसूर केली म्हणून बेनच्या उरलेल्या पंथाशी आणि नव्या दुष्ट देवाशी, सिरिकशी, झुंजायचं. आणि देव मेल्यामुळे जिथे जिथे जादू बिघडली त्या जागांची नोंद ठेवून त्या दुरुस्त करायच्या. हे तिसरं तर निव्वळ मेंटेनन्सचं काम! त्याच पुस्तकात टॉर्मची शिकवण आहे, तिचा आशय असा की वरिष्ठांची आज्ञा पाळा, पण डोकं जागं ठेवून पाळा. मिस्ट्रासमोर हेल्मला नेमकं हेच जमलं नव्हतं.

त्यानंतरचा इतिहास धावता सांगतो, कारण तो फारसा धड नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीसाठी पुन्हा उलथापालथ झाली. गैरसमजातून झालेल्या द्वंद्वात टिअरनं हेल्मला मारलं, मग टिअरही मेला आणि त्याची गादी टॉर्मकडे आली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दोघेही मेलेले देव परत हजर. टिअर न्यायाचा देव, हेल्म संरक्षणाचा. त्याच यादीत टॉर्मपुढे पूर्वी छापले जाणारे 'कर्तव्य, निष्ठा, आज्ञापालन' हे शब्द नाहीत. तिथे आहे: धैर्य आणि आत्मत्याग.