पूना डिव्हिजनचे जखमी: मेसोपोटेमियातील युद्धवैद्यक आणि त्याविषयीचे ग्रंथ

पहिल्या महायुद्धातील वैद्यकाचा इतिहास वाचू पाहणाऱ्याला फ्रान्समधील खंदकांविषयी आणि तेथील परिचारिकांविषयी विपुल ग्रंथ सापडतात. त्याच युद्धात भारत सरकारने स्वतःच्या जबाबदारीवर चालवलेल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेकडे मात्र तो बहुधा सर्वांत शेवटी वळतो. महाराष्ट्रातील वाचकाने खरे तर हा क्रम उलटा करावयास हवा, कारण नोव्हेंबर 1914 मध्ये इराणच्या आखाताच्या टोकाशी फाओ येथे उतरून बसरा घेणारी फौज ही सहावी, अर्थात पूना, डिव्हिजन होती आणि तिच्यात 103 व 110 क्रमांकांच्या मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर 117 क्रमांकाची मराठा पलटणही होती. कोकणातील आणि देशावरील खेड्यांतून भरती झालेल्या या शिपायांच्या वाट्याला जी वैद्यकीय व्यवस्था आली, तिची चौकशी पुढे ब्रिटिश संसदेपर्यंत पोहोचली आणि तिच्यामुळे एका भारतमंत्र्याला पद सोडावे लागले.

जनरल टाउनशेंड यांच्या नेतृत्वाखाली ही डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेली आणि 22 नोव्हेंबर 1915 रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे तुर्की सैन्याशी भिडली. या लढाईत टाउनशेंड यांच्या फौजेतील सुमारे 4,600 जण मारले गेले किंवा जखमी झाले, आणि वैद्यकीय तयारी त्याच्या एका लहानशा अंशापुरतीच होती. रुग्णवाहू गाड्या नसल्याने जखमींना लष्करी सामानाच्या दुचाकी खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणले गेले. या गाड्यांना स्प्रिंग नसत, त्यामुळे मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला खडबडीत वाळवंटातून होणारा हा प्रवास लढाईपेक्षा भयंकर ठरला. नदीवर माल व सैन्य वाहणाऱ्या बोटींवरच जखमींची दाटी करण्यात आली. ‘मेजिदिए’ नावाची अशी एक बोट, दोन्ही बाजूंना उघडे पडाव बांधून, तेरा दिवसांनी बसऱ्याला पोहोचली. तेथील इस्पितळी जहाजाचे प्रमुख मेजर मार्कहॅम कार्टर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, म्हणजे भारत सरकारच्या लष्करी वैद्यकीय सेवेचे, अधिकारी होते. दुरून बोटीच्या कडांवर दोर लोंबत असल्यासारखे त्यांना दिसले. जवळ आल्यावर कळले की आमांशाच्या रुग्णांना हलताच न आल्यामुळे कडेवरून ओघळून वाळलेली ती विष्ठा होती. कार्टर यांनी हे लेखी कळवले तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची आणि जहाजावरून काढून टाकण्याची धमकी दिली, आणि जखमींची व्यवस्था उत्तम झाल्याचे वृत्त मात्र तारेने वर गेले.

या दुर्दशेचे कारण शस्त्रवैद्यांच्या अज्ञानात शोधणे व्यर्थ आहे. जखम स्वच्छ करणे, मोडलेला अवयव फळी बांधून स्थिर करणे, आमांशाच्या रुग्णाला वेगळे ठेवणे हे सारे 1915 मध्ये ठाऊक होते. उणीव होती ती उथळ पात्रात चालणाऱ्या बोटींची, बसऱ्यातील धक्क्यांची, खाटांची आणि मनुष्यबळाची, आणि ही उणीव सिमल्यातील भारत सरकारच्या काटकसरीतून, तसेच पूर्वतयारीपेक्षा आगेकूच मोठी मानण्याच्या वृत्तीतून निर्माण झालेली होती. म्हणूनच या विषयावरील पहिले वाचन म्हणून वैद्यकाच्या ग्रंथापेक्षा 1917 चा मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल हाती घ्यावा. लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने, आधीच्या वर्षी व्हिन्सेंट आणि बिंगली यांनी भारत सरकारसाठी केलेल्या वैद्यकीय चौकशीचा आधार घेत, कोणाला काय माहीत होते, कोणी मागितले आणि कोणी नाकारले याची साखळी तपशिलाने मांडली; व्हाइसरॉय हार्डिंग, सरसेनापती बोशँप डफ आणि मोहिमेचे सेनानी निक्सन यांच्यावर दोष ठेवला. त्याच वर्षी जुलैमध्ये ऑस्टिन चेंबरलेन यांनी भारतमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्या जागी एडविन माँटेग्यू आले. इतक्या निर्भीड सरकारी अहवालाचेही एक वैगुण्य आहे, आणि ते वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते: त्यातील आवाज मुख्यतः अधिकाऱ्यांचे आहेत, आणि खेचरगाडीत पडलेला शिपाई तेथे फक्त वर्णनाचा विषय म्हणून येतो.

टेसिफोनहून माघार घेतलेली डिव्हिजन तैग्रिसकाठच्या कूत येथे तुर्की वेढ्यात सापडली आणि 147 दिवसांनंतर, 29 एप्रिल 1916 रोजी, शरण गेली. वैद्यकाच्या इतिहासात हा वेढा अन्नामुळे महत्त्वाचा ठरतो. ज्या अत्यल्प अन्नघटकांच्या अभावी रोग जडतात त्यांना ‘व्हिटॅमिन’ हे नाव सुचवले जाऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती, आणि कूतमध्ये जणू कोणी योजून ठेवल्याप्रमाणे दोन निरनिराळ्या आहारांची तुलना घडून आली. मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरी, म्हणजे हातपाय बधिर करून हृदयापर्यंत पोहोचणारा विकार, जडू लागला. कोंड्यासकट दळलेला आटा खाणारे हिंदी शिपाई त्यातून सुटले. परंतु घोड्याचे मांस खाण्यास त्यांतील बहुतेकांनी एप्रिलपर्यंत नकार दिला, ताजी भाजी मिळेनाशी झाली, आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला, ज्यात हिरड्या सुजून रक्त येते आणि जुन्या जखमाही भरत नाहीत. मैदा संपून गोऱ्या शिपायांनाही भरड पिठाचा पाव मिळू लागल्यावर बेरीबेरी ओसरली. ही निरीक्षणे वेढ्यातील वैद्यकीय प्रमुख कर्नल पॅट्रिक हेहीर यांनी नोंदवून ठेवली. त्या वर्षी मेसोपोटेमियातील उरलेल्या फौजेतही स्कर्व्हीने थैमान घातले, आणि त्यावर जो उपाय पुढे आला तो मराठी स्वयंपाकघराला परका नाही: कडधान्ये भिजवून त्यांना मोड आणणे. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी प्रयोगांनी दाखवले की कोरड्या कडधान्यात नसलेला स्कर्व्हीरोधक गुण मोड आल्यावर त्यात उतरतो. तेथीलच संशोधनातून हेही उघड झाले की लष्कराचा भरवसा ज्या कागदी लिंबाच्या साठवणीच्या रसावर होता, तो मोठ्या लिंबाच्या रसापेक्षा कितीतरी दुबळा आहे.

या सगळ्या काळात हिंदी शिपायाची शुश्रूषा कोण करत होते, हा प्रश्न ग्रंथांतून दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. भारतातील लष्करी परिचर्येचा आरंभ 28 मार्च 1888 रोजी मुंबई बंदरात उतरलेल्या दहा इंग्रज परिचारिकांपासून मानला जातो, आणि ते योग्यही आहे. पण ती सेवा गोऱ्या शिपायांच्या इस्पितळांसाठी होती. हिंदी शिपायाला पाणी पाजणारा भिस्ती, मलमूत्र उचलणारा मेहतर, डोली किंवा स्ट्रेचर वाहणारा कहार आणि पलटणीतूनच नेमलेला वॉर्ड ऑर्डर्ली, म्हणजे प्रशिक्षण नसलेला शुश्रूषक, एवढाच परिचर्यावर्ग त्याच्या वाट्याला होता, आणि त्यांच्यावर देखरेख करणारे सब-असिस्टंट सर्जन हे कमी दर्जाचे व कमी वेतनाचे हिंदी डॉक्टर होते. परिचर्येच्या इतिहासात पांढऱ्या टोपीतील बाईचे चित्र जितके ठळक आहे तितकाच हा वर्ग अदृश्य आहे, ही त्या इतिहासलेखनाची मोठी चूक मानावी लागते. राधिका सिंघा यांच्या 2020 मधील ‘द कूलीज ग्रेट वॉर’ या ग्रंथाने ती बऱ्याच अंशी दुरुस्त केली; लष्कराच्या मागे चालणाऱ्या या ‘फॉलोअर’ म्हणवल्या जाणाऱ्या नोकरांची भरती, वेतन आणि जातीवर बेतलेली श्रेणी यांचा अभ्यास त्यात आहे. वैद्यकीय व्यवस्थेच्या बाजूने मार्क हॅरिसन यांचा 2010 मधील ‘द मेडिकल वॉर’ हा ग्रंथ वाचावा, कारण मेसोपोटेमियातील पतन आणि 1916 नंतर लंडनच्या युद्धखात्याने सूत्रे घेतल्यावर झालेली सुधारणा या दोन्ही गोष्टी तो इतर आघाड्यांच्या शेजारी ठेवून तोलतो.

प्रत्यक्ष अनुभवाचे दोन अमोल ग्रंथ मात्र बंगालीत आहेत. ‘कल्याण-प्रदीप’ हे 1928 मधील पुस्तक कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी या लष्करी डॉक्टरविषयी त्यांच्या वृद्ध आजी मोक्षदा देवी यांनी लिहिले. कूतच्या शरणागतीनंतर कैदेत गेलेले मुखर्जी 1917 मध्ये रास-अल-ऐन येथे तापाने मरण पावले, आणि त्यांची घरी पाठवलेली पत्रे या पुस्तकात आहेत. जखमा शिवणारा हा माणूस युद्धाचे मूळ असलेल्या देशाभिमानालाच प्रश्न विचारतो, ही त्या पत्रांची थोरवी आहे. दुसरे ‘अभि ले बगदाद’ हे शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांचे. ते बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमध्ये, म्हणजे स्वयंसेवकांच्या रुग्णवाहक पथकात, होते, आणि टेसिफोनचे रण, कूतचा वेढा व त्यानंतरची कैद यांचे त्यांचे निवेदन अहवालातील मौन भरून काढते. पूना डिव्हिजनच्या या दोन साक्षी मराठीत याव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही.

या मोहिमेचे धागे मुंबईपर्यंतही येतात: बसऱ्याहून परतणारे अनेक जखमी मुंबईत उतरत, आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमसाठी बांधलेली वास्तू त्या वर्षांत लेडी हार्डिंग वॉर हॉस्पिटल म्हणून वापरली जात होती. संग्रहालय तेथे सुरू झाले ते 1922 मध्ये. शुश्रूषेतील सुधारणा मात्र उशिराच आली: हिंदी पलटणींना स्वतंत्र, सुसज्ज स्टेशन हॉस्पिटले मिळण्याचा निर्णय 1918 मध्ये झाला, तर इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस ही कायमस्वरूपी सेवा 1 ऑक्टोबर 1926 रोजी, कूत पडल्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळाने, स्थापन झाली.