‘नकुशी’ : एका विशेषनामाचा सामाजिक इतिहास (सातारा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

विशेषनाम घरात ठेवले जाते. परंतु ते घरापुरते राहत नाही. शाळेचा हजेरीपट, शिधापत्रिका, मतदारयादी व सातबारा उतारा यांतून ते गावाचे आणि पुढे शासनाचे होते. त्यामुळे नामांचा अभ्यास हा भाषाशास्त्राप्रमाणेच सामाजिक इतिहासाचाही विषय ठरतो. राजे, संत व समाजसुधारक यांच्याविषयी विपुल साधने उपलब्ध असतात; मात्र ज्यांच्याविषयी कोणीही काही लिहून ठेवले नाही, अशा सामान्य स्त्रियांच्या बाबतीत त्यांचे नाव हाच अनेकदा एकमेव लेखी पुरावा असतो. ‘नकुशी’ हे असेच एक नाव होय. प्रस्तुत लेखात या नामाची व्युत्पत्ती, त्यामागील लोकसमजूत, त्याचा प्रसार आणि २०११ साली सातारा जिल्ह्यात झालेले नामांतर यांचा विचार केला आहे.

नामाची व्युत्पत्ती व रूपे

‘नको’ या निषेधवाचक रूपाला ‘सा’ हा प्रत्यय लागून ‘नकोसा’ हे विशेषण सिद्ध होते. मराठीत ‘ई’कारापूर्वी ‘स’चा ‘श’ होतो. ‘कसा–कशी’, ‘तसा–तशी’ याच नियमाने ‘नकोसा’चे स्त्रीलिंगी रूप ‘नकोशी’ होते. बोलीत मधल्या ‘ओ’चा ‘उ’ होऊन ‘नकुशी’ हे रूप रूढ झाले. यांखेरीज ‘नकुसा’ व ‘नकुशा’ ही रूपेही आढळतात. व्याकरणदृष्ट्या ‘नकुसा’ हे पुल्लिंगी वाटावे असे रूप आहे; परंतु आशा, उषा, शांता या नामांप्रमाणे आकारान्त नाव स्त्रीचे म्हणून सहज स्वीकारले जाते. ‘नकुशा’ या रूपात तर स्त्रीलिंगी विशेषणातील ‘श’ आणि स्त्रीनामांतील आकारान्त यांचा मिलाफ झालेला दिसतो. विशेषणाचे विशेषनाम होताना लोकभाषेने त्याला नावाचा घाट दिला. अर्थ मात्र बदलला नाही.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. भाषेत ‘नकोशी’च्या जोडीला ‘हवीशी’ हा शब्दही आहे. परंतु तो कोणा मुलीचे नाव म्हणून रूढ झाला नाही.

शास्त्र आणि लोकाचार

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आले आहेत. स्त्रीचे नाव उच्चारास सुलभ, मनोहर, मंगलवाचक व दीर्घस्वरान्त असावे, असा त्याचा आशय आहे. ‘नकुशी’ हे नाव उच्चारास सुलभ आहे आणि दीर्घस्वरान्तही आहे. मात्र मंगल ते नाही. लोकाचाराने शास्त्राचा बाह्य आकार पाळला व आशय नाकारला, असे म्हणता येईल.

महाराष्ट्रात बाराव्या दिवशी बारसे होते व बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. आत्या ही त्याच घराची लेक. ‘नकुशी’ हे नाव ज्या घरात विधिपूर्वक ठेवले गेले असेल, तेथे एका लेकीने दुसऱ्या लेकीच्या कानात तिच्या नकोसेपणाची वार्ता सांगितली, असा त्याचा अर्थ होतो. दोष त्या आत्याला देता येणार नाही. कुटुंबाचा निर्णय स्त्रीच्या मुखातून वदवून घेण्याची ही रीत होती, हे मात्र येथे ध्यानात घ्यावे लागते.

‘दगडू’ आणि ‘नकुशी’ : साम्य व भेद

या नामाचा उल्लेख झाला की, मराठी समाजातील दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू या नावांचे स्मरण होते. वरवर पाहता ही सर्व नावे हीनत्वदर्शक आहेत. परंतु त्यांमागील हेतू भिन्न आहेत. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे झालेल्या मुलाला दगड, कचरा किंवा भीक असे संबोधले की दैवाची वा दृष्टीची नजर त्याच्यावर पडत नाही, अशी समजूत होती. म्हणजे येथे नावाने तुच्छता दाखविली जाते ती मूल वाचावे म्हणून. असे नाव हे त्या मुलाचे कवचच असते. धोंडाबाई, भिकाबाई अशी स्त्रियांची नावेही याच वर्गातील होत.

‘नकुशी’ हे नाव मुलीच्या रक्षणासाठी नसते. एकापाठोपाठ एक मुली झाल्यावर ‘आता मुलगी नको’ असे दैवाला कळवावे आणि पुढील खेपेस मुलगा व्हावा, ही त्यामागील अपेक्षा. नाव ठेवले जाते एका बालिकेचे. निरोप असतो तिच्यामागून येणाऱ्या अपत्यासाठी. दगडूच्या नावात दगडूचाच विचार असतो, नकुशीच्या नावात नकुशीचा विचार नसतो. या दोन नामवर्गांतील हा मूलभूत भेद होय.

ही प्रथा केवळ महाराष्ट्राची नाही. बंगालमध्ये ‘आता पुरे, काली’ अशा अर्थाचे ‘आन्नाकाली’ आणि ‘थांब’ असे सुचविणारे ‘क्षान्तमणी’ ही नावे होती. हरियाणात ‘पुष्कळ झाल्या’ या अर्थाने ‘भतेरी’, तर तमिळनाडूत ‘नको’ या अर्थाचे ‘वेंडाम’ व ‘मुली पुरे’ असे सांगणारे ‘पोदुम्पोण्णु’ ही नावे आढळतात. चीनमधील ‘झाओदी’ या नावाचा अर्थ ‘धाकट्या भावाला बोलावणारी’ असा आहे. भाषा, धर्म व प्रदेश भिन्न असूनही वंश, वारसा आणि वृद्धापकाळचा आधार जेथे मुलाशी जोडला गेला, तेथे मुलीच्या नावाचा असा उपयोग झाला, हे यावरून दिसते.

प्रादेशिक पार्श्वभूमी

नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरास्नानानंतर या जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंद येथे मुक्कामी येते. कांद्याची बाजारपेठ व पुणे–मिरज लोहमार्गावरील स्थानक म्हणून परिचित असलेले हे गाव खंडाळा तालुक्यात मोडते. याच तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या आणि १८६३ मध्ये जोतीरावांसह बालहत्या प्रतिबंधक गृह चालविणाऱ्या सावित्रीबाईंचा हा जिल्हा. स्त्रीसंतांची नावे आदराने घेणारी वारकरी परंपरा आणि स्त्रीशिक्षणाची सत्यशोधकी परंपरा या दोन्हींचा वारसा ज्या भूमीला आहे, तेथेच ‘नकुशी’ हे नाव इतक्या संख्येने आढळावे, ही विसंगती अभ्यासकाला टाळता येत नाही.

जनगणनेचे आकडेही हीच विसंगती दाखवितात. २००१ मध्ये सातारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९९५ स्त्रिया होत्या. मुंबई–पुण्याकडे कामासाठी जाणाऱ्या पुरुषांमुळे हे प्रमाण वरचे दिसत असे. परंतु सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलांमागे मुली होत्या केवळ ८७८. शेजारच्या सांगली जिल्ह्यात तर हा आकडा ८५१ इतका खाली होता. महाराष्ट्रातील बाल लिंग गुणोत्तर १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ असे उतरत गेले.

२०११ चे नामांतर

या पार्श्वभूमीवर सातारा जिल्ह्यात आरोग्य विभागाच्या यंत्रणेमार्फत नकुशी व तत्सम नावे असलेल्या मुलींचा शोध घेण्यात आला आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे झालेल्या समारंभात २८५ मुलींना नवीन नावे देण्यात आली. नव्या नावाची प्रमाणपत्रे त्यांना प्रदान करण्यात आली. काहींनी ऐश्वर्या यांसारखे चित्रपटसृष्टीमुळे परिचित झालेले नाव स्वीकारले, तर काहींनी सावित्रीसारखे पुराणप्रसिद्ध नाव पसंत केले. खंडाळा तालुक्याच्या संदर्भात या दुसऱ्या नावाला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. २००९ पासून दाखविल्या गेलेल्या ‘लागी तुझसे लगन’ या हिंदी मालिकेच्या नायिकेचे नाव नकुशा असल्याने हा शब्द महाराष्ट्राबाहेरही पोहोचला होता. या समारंभाने त्याची दखल परदेशी वृत्तपत्रांतही घेतली गेली.

स्त्रीचे नाव बदलणे ही बाब महाराष्ट्राला नवीन नव्हती. विवाहाच्या वेळी ताटातील तांदळात वधूचे नवे नाव लिहिण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. नकोसे नाव टाकण्याची संधी पूर्वी मुलीला मिळाली तर ती अशी सासरी, आणि तीही पतीच्या पसंतीने. २०११ च्या समारंभाचे वेगळेपण असे की, हे नामांतर माहेरी, बालवयात व मुलीच्या स्वतःच्या नावे झाले. ज्या सार्वजनिक व्यवस्थेने ते नाव हजेरीपटावर मुकाट्याने नोंदवून घेतले होते, तिनेच ते बदलण्याचे उत्तरदायित्व घेतले.

नाव मागे पडते, तेव्हा

तथापि नामांतराचे मूल्यमापन करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘नकुशी’ हे नाव क्रूर आहे, यात शंका नाही. परंतु ज्या मुलीला ते मिळाले ती जन्मली, वाढली व शाळेत गेली. गर्भाचे लिंग आधी कळत नव्हते, त्या काळातील हे नाव आहे. मुलाची वाट पाहणे म्हणजे पुढच्या बाळंतपणाची वाट पाहणे, अशी त्या वेळी स्थिती होती. सोनोग्राफीचा प्रसार झाला, कुटुंबे लहान झाली आणि जो निरोप पूर्वी नावातून दैवाला पाठविला जाई, तो थेट दवाखान्यात पोहोचू लागला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम गर्भलिंग तपासणीवर नियंत्रण आणणारा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला व २००३ मध्ये तो अधिक कठोर करण्यात आला. तरीही मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे जमिनीत पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्या भ्रूणांना कोणतेही नाव नव्हते.

म्हणून ‘नकुशी’ हे नाव दुर्मीळ झाले, एवढ्यावरून मुलगी हवीशी झाली असा निष्कर्ष काढता येत नाही. सातारा जिल्ह्यातील बाल लिंग गुणोत्तर २००१ मधील ८७८ वरून २०११ मध्ये ८९५ पर्यंत वाढले, ही समाधानाची बाब आहे. त्यामागे कायद्याच्या अंमलबजावणीसाठी साताऱ्यातून दीर्घकाळ लढणाऱ्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचे परिश्रम आहेत. त्यांना २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार प्राप्त झाला. परंतु हजारामागे ८९५ हा आकडाही अपुराच आहे.

समारोप

‘नकुशी’ या नामाचा इतिहास तीन टप्प्यांत मांडता येतो. प्रथम ते दैवाला पाठविलेला निरोप होते. नंतर शासकीय कागदपत्रांतील एक मुकी नोंद झाले. आणि २०११ मध्ये ते सार्वजनिक लज्जेचा व सुधारणेचा विषय बनले. आता चौथा टप्पा समोर आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात स्वतःच्या नावानंतर प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले आहे. २०११ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी त्या वर्षी तेवीस वर्षांची झाली. जिचे नाव तेव्हा बदलले नाही, ती आई झाल्यास तिच्या अपत्याच्या प्रत्येक दाखल्यावर ‘नकुशी’ हा शब्द मधोमध उमटेल.

एका पिढीला जे नाव पुसायचे होते, ते पुढील पिढीच्या ओळखीचा भाग होऊ शकते. अशा मातांना नामांतराची प्रक्रिया सुलभ करून देणे हे प्रशासनाचे काम आहे. शाळा–महाविद्यालयांच्या प्रवेशपत्रांवर असे नाव दिसल्यास त्या विद्यार्थिनीस संकोचात न टाकता राजपत्रातून नाव बदलण्याचा मार्ग सांगणे, हे अध्यापकांच्याही आवाक्यातील काम आहे. आणि ज्या स्त्रीला आपले नाव तसेच ठेवावयाचे असेल, तिच्या त्या निर्णयाचाही मान राखला पाहिजे; कारण जन्मतः तिच्या नावाविषयी तिला कोणी विचारले नव्हते, ते आता तरी विचारले जावे.