एडिंबऱ्याची ब्रेड टेकडी आणि आपली कमाटीबाग



गोल्फ म्हटलं की आपल्या घरांमध्ये एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. पांढरी टोपी घातलेले साहेब, मागून काठ्यांची थैली उचलून चालणारा पोरगा आणि फाटकावर दरवान. आम्हा बडोदेकरांच्या मनात तर हे चित्र आणखीच पक्कं, कारण इथलं गोल्फचं मैदान थेट लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात. १९३० च्या दशकात गायकवाड घराण्याने ते युरोपियन पाहुण्यांसाठी करवून घेतलं. म्हणजे खेळ साहेबांचा, जागा राजाची. आपण भिंतीच्या अलीकडचे.

पण हा खेळ जिथून आला त्या स्कॉटलंडमध्ये याच्या अगदी उलटी गोष्ट आहे. ती समजून घ्यायची तर जगप्रसिद्ध सेंट अँड्र्यूजपेक्षा एडिंबरा शहराच्या दक्षिणेकडची एक टेकडी चढावी. तिचं नाव ब्रेड हिल्स. (पावाशी काही संबंध नाही, ते तिथल्या जुन्या जहागिरीचं नाव.) एडिंबऱ्याला जाणं झालं तेव्हा मी मुद्दाम तिथे गेलो. खेळायला नव्हे, नुसता बघायला. त्या टेकडीची हकीकत म्हणजे जमिनीच्या हिशेबाची हकीकत आहे, आणि मला तीच सांगायची आहे.

आधी थोडं मागे जाऊ. १४५७ साली राजा दुसरा जेम्स याच्या काळात स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ, दोन्हींवर बंदी घातली. कारण काय, तर लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसतात, आणि शेजारच्या इंग्लंडशी कधी लढाई जुंपेल याचा नेम नाही. हीच बंदी १४७१ आणि १४९१ मध्ये पुन्हा घालावी लागली. एकच हुकूम तीनतीनदा निघतो तेव्हा तो कोणी पाळत नाही असं समजायचं. बँकेत परिपत्रकं वाचलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मुद्दा असा की तेव्हाही हा खेळ चारचौघांचा होता. नुसते सरदार-दरकदार खेळत असते तर सगळ्या प्रजेसाठी कायदा कशाला करावा लागला असता?

लोक खेळायचे ते सार्वजनिक माळावर. समुद्रकाठच्या वाळूमिश्रित गवताळ जमिनीला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. पुढे गावच्या मोकळ्या माळालाही तेच नाव पडलं. आपल्या भाषेत गायरान म्हणा. एडिंबऱ्याचा असा माळ म्हणजे ब्रंट्सफील्ड लिंक्स, शहराला अगदी लागून. फिरणारे, मुलं खेळवणारे आणि गोल्फवाले सगळे तिथेच.

मग चेंडू बदलला. पूर्वी चामड्याच्या छोट्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून चेंडू शिवायचे. एक कारागीर दिवसाला जेमतेम तीन-चार चेंडू करी. त्यामुळे तो महाग, आणि पावसात भिजला की गेला कामातून. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलायातल्या झाडांचा चीक. रूट कॅनल केलेल्यांनी दाताच्या डॉक्टरकडे हे नाव ऐकलं असेल, तोच पदार्थ. गरम पाण्यात मऊ करून साच्यात दाबला की चेंडू तयार. किंमत एकदम उतरली. ज्यांना खेळ परवडत नव्हता ते कारागीर, कारकून, दुकानातले नोकर काठ्या घेऊन माळावर आले.

गर्दी वाढली. आता विचार करा, ४२ मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा टणक चेंडू सणसणत येतोय आणि वाटेवर कोणी बाबागाडी ढकलतंय! तक्रारी होणारच. पैसेवाल्यांनी आपला मार्ग काढला. एडिंबरा बर्जेस आणि ब्रंट्सफील्ड लिंक्स या दोन जुन्या मंडळांनी १८७० च्या दशकात आपला खेळ पूर्वेकडच्या मसलबराला हलवला. रेल्वे होतीच. १८९० च्या दशकात त्यांनी शहराच्या पश्चिमेला स्वतःची मैदानं केली.

मागे राहिले ज्यांना ते जमणार नव्हतं ते. खरी परीक्षा इथे होती. माळावर खेळ बंद केला असता तर कागदोपत्री प्रश्न मिटला असता. पण एडिंबरा नगरपालिकेने ब्रेड हिल्स ही टेकडी विकत घेतली आणि १८८९ साली गोल्फसाठी लोकांना खुली केली. क्लबचं सभासदत्व नको, कोणाची ओळख नको. पैसे भरा आणि खेळा. आजही ते मैदान सार्वजनिकच आहे. आणि ब्रंट्सफील्डचा माळ? तोही शाबूत आहे. लांब टोले बंद झाले, पण जवळच्या फटक्यांचा छोटा खेळ उन्हाळ्यात तिथे अजून फुकट चालतो.

आता टेकडी कशी आहे ते सांगतो. शहरातून बसने दक्षिणेला जायचं आणि घरांच्या रांगा संपल्या की चढायचं. उंची दोनशे मीटरच्या आसपास. जमीन खडकाळ. मध्येमध्ये गॉर्स नावाच्या काटेरी झुडपांची रानं, वसंतात पिवळीधमक. त्यातून कापलेल्या गवताचे हिरवे पट्टे वरखाली गेलेले. त्या काट्यात चेंडू गेला की तो विसरायचा. सपाट जागा अशी कमीच. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पायांपेक्षा चेंडू वर असला तर तो डावीकडे वळतो, खाली असला तर उजवीकडे. त्यात वारा. एवढं सगळं सांभाळून चेंडू शेवटी १०८ मिलिमीटरच्या भोकात घालायचा. माथ्यावरून मात्र एडिंबऱ्याचा किल्ला, आर्थर्स सीटचा डोंगर आणि पलीकडे फोर्थची खाडी दिसते. पाठीमागे पेंटलंडच्या टेकड्या.

मी चालत होतो तेव्हा कुत्री फिरवणारे लोक मैदानाच्या कडेने बिनधास्त जात होते. कोणी हटकलं नाही, मलाही नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने गोल्फचं मैदान पायी ओलांडायचा हक्क सर्वांना दिला आहे. हिरवळीवर म्हणजे भोकाभोवतीच्या नाजूक गवतावर पाय ठेवायचा नाही आणि खेळात अडथळा आणायचा नाही, एवढीच अट.

या टेकडीवर कोण घडले तेही पाहा. जेम्स ब्रेड हा फाइफ परगण्यातला सुतार कामासाठी एडिंबऱ्यात आला आणि इथे खेळला. आडनाव आणि टेकडीचं नाव एक, हा निव्वळ योगायोग. पुढे १९०१ ते १९१० या काळात त्याने ओपन स्पर्धा पाच वेळा जिंकली.

आता आपल्याकडे वळू. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा पहिला गोल्फ क्लब कुठे निघाला? कलकत्त्यात, १८२९ साली. पण इथे येताना खेळाची एक बाजू तिकडेच राहिली. गायरान मागे राहिलं, क्लब तेवढा बोटीत चढला. स्कॉटलंडचा सुतार जो खेळ खेळत होता तो आपल्याला भेटला साहेबाचा खेळ म्हणून, आणि आपल्या सुताराच्या वाट्याला आली थैली उचलायची मजुरी.

मात्र सार्वजनिक जागेची कल्पना आपल्याला परकी होती असं कोणी म्हणू नये. ब्रेड हिल्स खुली होण्याच्या दहा वर्षं आधी, १८७९ साली, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत विश्वामित्रीच्या काठी कमाटीबाग झाली. शंभर एकरांहून मोठी, भर शहरात, आणि प्रजेसाठी. आपल्या कितीतरी घरांत आजोबांचं फिरणं आणि मुलांचं पहिलं धावणं तिथलंच. लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण झाला तो नंतर, १८९० साली. बाग आधी आणि राजवाडा मागून, हा क्रम मला फार बोलका वाटतो.

खेळ उच्च किंवा हलका नसतो. तो कोणाच्या जमिनीवर चालतो यावर सगळं ठरतं. जमीन गावाची असेल तर सुतारही विजेता होतो. आणि गावाची जमीन आपोआप टिकत नाही, कुणीतरी वेळीच ती गावाच्या नावावर करून ठेवावी लागते.

म्हणून एक विनंती. बडोदं असो, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव की हैदराबाद, तुम्ही लहानपणी ज्या मैदानावर विटीदांडू आणि क्रिकेट खेळलात, ते आज आहे का बघा. असलं तर सरकारी दप्तरात कोणाच्या नावावर आहे तेही बघून ठेवा. नातवंडांना वाड्याच्या गोष्टी सांगतो, तशी ही माहितीही त्यांना द्यायला हवी.